मागे सडा दिसायला हवा

आई गेली त्यानंतरचं पहिलं वर्ष मी आणि बाबा एकमेकांशी जवळजवळ बोललोच नाही. भांडण नव्हतं. सवयच नव्हती. आई होती तोवर आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. "तुझ्या चेडवाक सांग, बस चुकतली," असं बाबा आईला सांगायचे, आणि मी त्याच सोप्यावर बसून चपलेचा पट्टा लावत असायची. मीसुद्धा "बाबांनी गोळी घेतली का विचार" असं तिलाच म्हणायची. ती बिचारी दोघांच्या मध्ये उभी राहून हसायची आणि ज्याचं त्याला पोचवायची.

हे असं मुळात नव्हतं. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून केरीच्या धक्क्यावर जायची. पण पुढे माझ्यासाठी सावंतवाडीकडचं एक स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा नोकरीला, बाबांना मनापासून आवडलेलं. मी नाही म्हटलं. का, ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नाही. बाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त गप्प झाले. तसे ते मूळचेच कमी बोलणारे. तरुणपणी तेरेखोलच्या नदीत होडी वल्हवायचे. गोवा मुक्त झाल्यावर फेरीबोट आली, तेव्हा त्यांना सरकारी खाकी मिळाली आणि केरी ते तेरेखोल, तेरेखोल ते केरी, दोर टाकणं आणि दोर सोडणं यात त्यांचं आयुष्य गेलं. इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून ते हातानेच सांगत. निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नाही.

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. बाजारामागे भाड्याची खोली होती. शनिवारी शाळा सुटली की म्हापशात बस बदलून केरीला यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. आई गेल्यावरही येत राहिले, कारण बाबा एकटे होते. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं उकडा भात आणि माशाचं हुमण जेवायचो, रेडिओ ऐकायचो आणि झोपायचो. रविवारचा दिवस संपता संपायचा नाही.

त्या रविवारांना करायचं काय, म्हणून कॅमेरा आला असं म्हटलं तरी चालेल. माझा मावसभाऊ मस्कतला होता. त्याने स्वतःसाठी घेतलेला आणि एकदाही न वापरलेला कॅमेरा मला दिला. तो रोलचा जमाना होता. मला वर्गात दाखवायला किड्यांचे फोटो हवे होते. आमच्या पाठ्यपुस्तकात किडे होते, पण ते रेघांनी काढलेले, आणि मुलांना त्यातला एकही आपल्या कुंपणावरचा वाटायचा नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायच्या नळ्या मिळतात, त्या लावल्या की मुंगीसुद्धा अंगठ्याएवढी दिसते, हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्या नळ्या आणि एक जुना फ्लॅश मला डिचोलीच्या बाजारातल्या स्टुडिओवाल्याने मिळवून दिला. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढणारा तो हसतमुख माणूस. पोट सुटलेला, कानावर कायम पेन.

पहिला रोल मी आमच्या घरामागेच संपवला. विहिरीजवळ, आमच्या बोलीत बांयकडे, मोगली एरंडाचं कुंपण होतं आणि त्यावर हिरवे, सोनेरी झाक मारणारे ढालकिडे बसायचे. दागिन्यांतले खडे गळून पानावर पडावेत तसे. मी गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, फ्लॅश मारत फोटो काढले. पुढच्या आठवड्यात धुऊन आले तेव्हा स्टुडिओवाल्याने पाकीट माझ्या हातात देताना जरा काळजीनेच विचारलं, "टीचर, फोटो फर्स्टक्लास आलेत. पण तुम्ही रात्रीच्या कशाला फिरता किड्यांच्या मागे? पान लागायची भीती असते."

पान लागणं म्हणजे साप चावणं. मी फोटो बाहेर काढले. किडा लखलखीत होता. पायांवरचे केससुद्धा मोजता आले असते. पण त्याच्या मागे सगळं काळं. कुंपण नाही, विहीर नाही, सकाळ नाही. जणू तो किडा एखाद्या कोळशाच्या खोलीत बसला होता.

"अहो, सकाळी नऊला काढलेत," मी म्हटलं.

"मग हा फ्लॅशाचा खेळ," तो म्हणाला. "फ्लॅश जवळच्यालाच उजेड देतो. मागे पोचतच नाही. लग्नात बघत नाही का, नवरा-नवरी झगझगीत आणि मागची माणसं काळोखात? तुम्ही मागे पडदा लावा. माझ्याकडे आहे एक जुना, घेऊन जा." आणि त्याने खरंच मला आतून गुंडाळलेला पडदा आणून दाखवला. त्यावर तळं होतं, राजहंस होते आणि मागे बर्फाचे डोंगर. मी हसू दाबून नको म्हटलं.

शनिवारी घरी आल्यावर मी फोटो सोप्यावरच्या मेजावर पसरून बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या खांद्यामागे थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो फोटो रातचो काढलंस?"

त्यांनी मला थेट काही विचारल्याला इतके दिवस झाले होते की मी आधी मागे वळून पाहिलं, सोप्यावर दुसरं कोणी आलंय का म्हणून.

"नाय. सकाळी काढलंय. आपल्या बांयकडे."

"आमच्या बांयकडे?" त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "मगे बांय खंय गेली?"

फ्लॅशचं सगळं शास्त्र मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोटो परत मेजावर ठेवला. "बांय दिसूक होयी," एवढं म्हणून ते आत गेले.

मग मी पडद्याचाच विचार वेगळ्या रीतीने केला. शाळेतून निळा कार्डबोर्ड आणला आणि किड्याच्या मागे कुंपणाला टेकवून ठेवला. फोटो छान निळ्या आकाशासारखे येतील असं वाटलं होतं. बाबांनी एकच फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्यो आयडेंटी कार्डावरचो." खरंच तसा दिसत होता तो. ढालकिड्याचा मतदार ओळखपत्राचा फोटो. मी हसले, आणि बाबांच्याही मिशीत काहीतरी हललं.

फ्लॅशचा उजेड मागच्या झाडीपर्यंत पोचत नसेल तर झाडीच पुढे आणावी, असं मला त्यानंतर सुचलं. म्हणजे किड्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं मोठं पान धरायचं. पण माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले. मी पान दोरीने बांधून पाहिलं, काटकीला अडकवून पाहिलं, ते वाऱ्याने गरकन फिरायचं आणि किडा उडून जायचा. मागच्या दारात उभे राहून बाबा हे सगळं बघत होते. शेवटी ते पायऱ्या उतरून आले, माझ्या हातातलं पान घेतलं आणि विचारलं, "खंय धरूचा?"

"किड्याच्या मागे. इतको लांब. हलवू नकात."

ते हलले नाहीत. बोट धक्क्याला लागताना वर्षानुवर्षं दोर पकडून उभा राहिलेला माणूस तो. मी फोटो काढत गेले, ते पान धरत गेले. त्या दिवशी आमचा रविवार कधी संपला कळलं नाही.

त्या रोलमधल्या अर्ध्या फोटोंच्या कोपऱ्यात बाबांचा अंगठा आला होता. जाड, भेगाळलेला, नखावर चुन्याचा डाग. स्टुडिओवाला म्हणाला, "हा कापून देऊ का मोठा करताना?" मी हो म्हटलं आणि कापून घेतले. मूळ फोटो मात्र माझ्याकडे राहिले, आणि आज ते मोठे केलेले कुठे आहेत मला ठाऊक नाही, अंगठ्याचे आहेत.

पानाचा उपाय काही महिने चालला. मागे हिरवं यायला लागलं. पान फार जवळ असलं तर त्यावर किड्याची काळी सावली पडायची, लांब गेलं की पुन्हा अंधारायचं. फ्लॅशचा कडकपणा कमी करायला मी त्याच्यापुढे चहा गाळायचं कोरं पांढरं फडकं दुहेरी करून रबरबँडने बांधलं. त्याने किड्याच्या पाठीवर चमकून उठणारा पांढरा चटकाही गेला. मी खूश होते. पण बाबांचं समाधान होईना. एकदा सड्यावर, म्हणजे गावावरच्या त्या कातळाच्या पठारावर, मी एका नाकतोड्याचा फोटो काढला होता. पान म्हणून बाबांनी घरून केळीचा तुकडा आणला होता, कारण तेच सगळ्यात मोठं. फोटो आल्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"सड्यावर केळ खंय इली?"

"बाबा, पान आसा मागे. हिरवां दिसता. आणखी काय होया?"

"सड्यावर तण आसता. पिवळां. ह्यां बरोबर नाय."

मला राग आला. कोण बघणार होतं केळ आहे की तण? पण सोमवारी बसमध्ये तो फोटो पुन्हा काढून बघितला आणि मला तो खोटा दिसायला लागला. एकदा दिसल्यावर काय करणार? मग आम्ही ज्या झाडाचा किडा त्याच झाडाचं पान धरायचं असं ठरवलं. काजूवरच्या किड्याला काजूचं, कुड्यावरच्याला कुड्याचं. आंब्यावर तांबड्या मुंग्यांचं घर होतं, पानं शिवून केलेलं. आमच्याकडे त्यांना हुमले म्हणतात. बाबांनी आंब्याची डहाळी मागे धरली आणि हुमले त्या डहाळीवरून त्यांच्या मनगटावर, तिथून सदऱ्याच्या बाहीत. मला कॅमेऱ्यातून फक्त मुंग्या दिसत होत्या. "झाला काय?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हटलं, थांबा. थोड्या वेळाने पुन्हा, "झाला काय?" मी म्हटलं, आणखी एक. तो एक काढून झाल्यावर मी मान वर केली तर बाबांनी डहाळी टाकली, सदरा डोक्यावरून उपसून काढला आणि उघड्या अंगाने विहिरीकडे धावले. मी मागून बादली ओतत होते, ते हुमल्यांना शिव्या घालत होते आणि आम्ही दोघं हसत होतो. आई गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. शेजारची काकी दगडी गडग्यावरून वाकून बघायला आली.

खरा उपाय चुकून सापडला. कॅमेऱ्यावरची एक चकती माझ्या नकळत फिरली होती आणि शटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं होतं. लेन्सचं छिद्रही मी आधीच्या कशासाठी तरी मोठं केलेलं, ते तसंच राहिलं. त्या रोलमध्ये एक फोटो असा आला की माझा विश्वास बसेना. मेरेवरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतावर चतुर बसलेला, फ्लॅशने त्याच्या पंखांच्या शिरा स्पष्ट आल्या होत्या आणि त्याच्या मागे कापणीला आलेलं शेत होतं. धूसर, पण होतं. पिवळ्या रंगाचा मऊ पट्टा, त्यावर माडांची हिरवी रेघ, वर फिकट निळं. पान कोणी धरलं नव्हतं. सकाळ स्वतःच आत आली होती.

मग मी शिकत गेले. फ्लॅश फक्त किड्यासाठी, तोही अगदी हलका. मागचं सगळं दिवसाच्या उजेडावर सोडायचं. छिद्र बावीसवर बंद करून बसायचं नाही, अकरावर, आठवर आणायचं; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावरून तिसाव्यावर, वारा नसेल तर पंधराव्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसायची जागा. किडा सावलीत आणि मागचा परिसर उन्हात असेल, अशी बाजू शोधायची. पूर्वी मी किडा दिसला की कॅमेरा रोखायची. आता आधी त्याच्या मागे काय आहे ते बघायला लागले. चिखलात लोळून, कातळावर गाल टेकून, कधी गडग्याच्या भोकातून. रोल धुऊन येईपर्यंत जमलं की फसलं ते कळायचं नाही.

तो चतुराचा फोटो बाबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "ही आमची मेर," ते म्हणाले. "आणि ह्यो कोपऱ्यातलो माड वाकडो, तो आमचो." चतुराबद्दल एक शब्दही नाही.

पान धरायचं काम संपलं होतं. मला वाटलं, आता बाबा यायचे थांबतील. पण पुढच्या रविवारी मी निघाले तर ते छत्री घेऊन अंगणात उभे. "वारो आसा," म्हणाले. शटर हळू झाल्यामुळे वाऱ्याने गवत हललं तरी फोटो बिघडायचा, हे त्यांनी मला बडबडताना ऐकलं होतं. तेव्हापासून ते वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून बसायला लागले.

सड्यावरचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. पाऊस ओसरल्यावर तिथलं तण सोनेरी होतं, कातळाच्या खळग्यांतलं पाणी आटत आलेलं असतं आणि चतुरांचे थवेच्या थवे असतात. खाली नदी समुद्राला मिळते, पलीकडे तेरेखोलचा किल्ला. मला गवताच्या टोकावरचा लाल चतुर हवा होता आणि त्याच्या मागे ती नदी. चतुर त्याच काडीवर परत येतो, फक्त वाट बघावी लागते. आम्ही वाट बघत होतो. बाबा छत्रीआड, मी पालथी पडलेली. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आवाज फक्त छत्रीच्या मागून आला.

"ता सावंतवाडीकडचां थळ. तेंच्या घराकडे मी गेल्लंय."

एवढ्या वर्षांत तो विषय निघाला नव्हता.

"मोठां घर. पण झाड नाय एक. दाराकडे, परड्यात, सगळीकडे शिमीट. शिमीट घालून वर पाणी मारतत आणि झाडतत." थोडा वेळ वारा छत्रीत फडफडला. "काय करतलंस तू थंय?"

नेमका तेव्हाच चतुर काडीवर येऊन बसला. "इलो," बाबा हळूच म्हणाले. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. डोळ्यात पाणी होतं, म्हणून मला सगळंच धूसर दिसत होतं, चतुरसुद्धा. अंदाजानेच बटण दाबलं.

तो फोटो आला. अगदी चोख नाही, पण आला. लाल चतुर, मागे नदीचा रुपेरी पट्टा आणि त्या पट्ट्यावर एक पांढरा ठिपका. बाबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आमची बोट," ते म्हणाले.

त्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी माझे फोटो मोठे करून एका वर्गात लावले आणि बाबांना डिचोलीला घेऊन गेले. ते धुतलेला सदरा घालून आले होते. मी दुसऱ्या पालकांशी बोलण्यात गुंतले आणि परत आले तेव्हा बाबा फोटोंपुढे उभे होते आणि त्यांच्याभोवती मुलं. एका मुलीने विचारलं, "आजोबा, हा कसला किडा?" बाबा म्हणाले, "ता तुझ्या टीचरीक इचार. मागे आसा ना, तो केरीचो सडो. हंयसून तेरेखोल दिसता. आणि ही आमची बांय. ह्या बांयचां पाणी उन्हाळ्यात पण आटणा नाय." असे ते प्रत्येक फोटोपुढे थांबत मुलांना आमचं गाव दाखवत होते. जन्मात एवढं बोलले नसतील. स्टुडिओवालाही आला होता. तो हात मागे बांधून सगळं बघून गेला आणि जाताना मला म्हणाला, "टीचर, बरं झालं तुम्ही तो पडदा नेला नाहीत."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पावसात मागच्या दाराच्या चिऱ्यावरून बाबांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण त्यांना पूर्वीसारखं चालता आलं नाही. आधी काठी, मग भिंत धरून न्हाणीपर्यंत, मग खाट. मी डिचोलीची खोली सोडली आणि केरीहून येऊन-जाऊन करायला लागले. दिवसा काकी बघायची त्यांच्याकडे. बसमध्ये माझे पाय सुजायचे, पण संध्याकाळी घरी पोचले की ते जागे असायचे आणि विचारायचे, "आज काय काढलंस?"

एव्हाना रोल गेले होते आणि डिजिटल कॅमेरा आला होता. फोटो लगेच दिसायचा. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसून कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरायची. किडा बघून झाला की ते म्हणायचे, "मागचां दाखय." मागचं वेगळं दाखवता येत नाही, ते सगळं एकच असतं, पण मला कळायचं त्यांना काय हवंय. मी फोटो मोठा करून कडेकडेने सरकवायची. कुठलं झाड, कुठला रस्ता, पाणी किती आहे, तण वाळलं की नाही. ज्या जागी त्यांना आता जाता येणार नव्हतं त्या सगळ्या जागा ते तिथे पडून बघत होते.

त्यांनी कधी न पाहिलेल्या जागाही मी आणायला लागले. शाळेतल्या मुलांना घेऊन एकदा खाणींकडच्या पाळी गावाला गेले होते. तिथे रस्त्याकडेच्या सागाच्या पानावर एक प्रार्थनाकीटक होता, पुढचे पाय जोडून बसलेला. खनिजाचे ट्रक एकामागून एक चालले होते, पान तांबड्या धुळीने माखलेलं. मी हलका फ्लॅश मारला आणि मागचा ट्रक उन्हात राहू दिला. फोटो बघून बाबा उठून बसायला धडपडले.

"पान तांबडां कित्याक?"

"धुळो. खाणीचो."

"आणि ह्यां मागे?"

"ट्रक."

आमच्या गावातले, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचे किती तरुण त्या ट्रकांवर होते. बाबांनी त्यांची नावं घेतली, कोण कोण तिकडे गेला, कोण परत आला. मग म्हणाले, "आंग धुऊन पण जात नसतला ह्यां." आणि किड्याकडे बघत, पहिल्यांदाच किड्याकडे बघत, "ह्यो कसो र्‍हवता थंय?" पुढे खाणी बंद पडल्या. नंतर एकदा पाळीच्या त्याच रस्त्याने गेले तेव्हा पानं हिरवी होती आणि रस्त्याकडेची चहाची दुकानंही बंद होती. ते सांगायला बाबा नव्हते.

त्यांचा शेवटचा हिवाळा खिडकीपाशी गेला. त्यांनीच खाट जनेलाकडे सरकवून घेतली होती. एका शनिवारी मी शाळेतून आले तर म्हणाले, "कोण तरी घर बांधता हंय." जनेलाच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीचं घर करत होती. काळी, कमरेपाशी सुतासारखी बारीक. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, लिंपायची, उडून जायची. बाबा तिची वाट बघत असायचे. मातीची गोळी कशी गोल करते, मग आत कोळी कसे कोंबते, हे सगळं मला सांगायचे. विज्ञानाची टीचर मी, पण मी ते नीट बसून कधी बघितलंच नव्हतं, कारण मला वेळ नव्हता आणि त्यांच्याकडे तेवढा एकच होता.

मी बाहेर अंगणातून फोटो घ्यायचं ठरवलं. माशी चौकटीवर, आणि तिच्या मागे, आत, बाबा. खोली अंधारी होती. नेहमीसारखं केलं असतं तर माशी लख्ख आली असती आणि मागे काळोख. म्हणून पलीकडचं दार उघडलं, त्याच्यातून उन्हाची तिरीप त्यांच्या खाटेवर येईल असं. शटर इतकं हळू ठेवलं की त्यांनी जराही हलून चालणार नव्हतं.

"बाबा, हलू नकात हां."

"मी हलतंय कधी?"

माशी आली. मातीची गोळी तिने चौकटीवर दाबली. मी फडक्याआडून अगदी थोडा फ्लॅश मारला आणि शटर उघडं राहिलं तेवढा वेळ बाबा खरंच हलले नाहीत.

आत जाऊन मी त्यांना पडदा दाखवला. पुढे माशी, पंखांची निळसर झाक, ओल्या मातीवर चमक. मागे उन्हात बसलेला एक माणूस. पांढरे केस, पांढरं बनियन, चेहऱ्याच्या कडा विरघळलेल्या, पण कोण ते कळत होतं. त्यांनी तो नीट बघितला. मग हनुवटीवरून हात फिरवला.

"दाढी करूक होयी होती," म्हणाले.

फेब्रुवारीत बाबा गेले. बाराव्याला भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा म्हणून नातेवाईक माझ्यामागे लागले. स्टुडिओवाल्याने त्यांच्या फेरीबोटीच्या नोकरीतल्या जुन्या ओळखपत्रावरून मोठा करून दिला. टोपी, खाकी, सरळ बघणारे. तोच सोप्यावर आहे.

पुढे गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा होता. रंगारी आतून आला आणि म्हणाला, "बाय, जनेलाक मातयेचा घर आसा, खरवडून काढूया?" मी जाऊन बघितलं. माशीची पिल्लं केव्हाच भोकं पाडून उडून गेली होती, नुसतं वाळलेलं घर उरलं होतं. मी त्याला म्हटलं, राहू दे, बाजूने रंग मार. त्याने थोडं आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं, मग बारीक ब्रश घेतला आणि सांभाळून बाजूने मारला.